जुन्या वास्तूत सोय केल्याने तिचे जुनेपण जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक स्थळांवरील सोयींविषयी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे जी चर्चा झाली, तीत एका पत्रलेखकाचे म्हणणे असे होते की जुन्या वास्तूंमध्ये उतार, कठडे, सपाट वाटा आणि स्वच्छतागृहे करत बसलो तर त्या वास्तूंचे जुनेपण नाहीसे होईल. सबब ज्यांना चालता येत नाही त्यांनी छायाचित्रांवर समाधान मानावे. शेवटचा भाग त्यांनी अधिक सौम्य शब्दांत लिहिला होता, पण अर्थ तोच होता. असे मत पुष्कळांचे असते आणि ते कोणी दुष्टपणाने मांडत नाही, हे मी जाणतो. तरीही ते मला मान्य नाही, आणि त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतील एका स्थळाचे उदाहरण मी सविस्तर देऊ इच्छितो, कारण ते स्थळ मी माझ्या पत्नीसह, तिच्या व्हीलचेअरच्या वेगाने, सावकाश पाहिले आहे.

हे स्थळ म्हणजे नेब्रास्का राज्याच्या आग्नेय भागातील बिॲट्रिस या गावाच्या पश्चिमेला असलेले होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांच्या यादीत नायगारा असतो, न्यूयॉर्क असते, फार तर ग्रँड कॅन्यन असते. नेब्रास्काचे नाव मी तरी कोणाच्या यादीत पाहिलेले नाही. तेथे धबधबा नाही, उंच इमारती नाहीत, दिसते ते गवत आणि आकाश. परंतु माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, साखळी आणि फलकयंत्र घेऊन बांधाबांधाने मोजणी करण्यात गेली असल्यामुळे ज्या कायद्याने जवळजवळ साडेतीन महाराष्ट्र बसतील एवढी जमीन लोकांना वाटून टाकली, त्या कायद्याचे स्मारक पाहण्याची मला इच्छा होती.

तो कायदा थोडक्यात असा. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. एकवीस वर्षांचा कोणीही नागरिक, किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला परदेशी, सरकारी जमिनीतील १६० एकरांवर दावा सांगू शकत असे; कुटुंबप्रमुख असेल तर वयाचीही अट नव्हती, आणि अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही तो हक्क होता, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने मोठीच म्हटली पाहिजे. पाच वर्षे तेथे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची आणि मग पुरावा देऊन कायमची सनद घ्यायची. सगळे शुल्क मिळून अठरा डॉलर. या मार्गाने सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या आणि २७ कोटी एकर जमीन, म्हणजे त्या देशाच्या एकूण भूभागाचा दहावा हिस्सा, खासगी मालकीची झाली. पहिल्या दिवशीच दावा दाखल करणाऱ्यांपैकी एक डॅनियल फ्रीमन होता. ब्राउनव्हिल येथील जमीन कचेरीत त्याने नववर्षाच्या पहाटे, मध्यरात्र उलटताच अर्ज दिला असे सांगतात. त्याच फ्रीमनच्या १६० एकरांवर हे पार्क उभे आहे. १९३६ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २०२१ मध्ये आजचे नाव.

आता प्रवासाविषयी, कारण सोयींचा प्रश्न स्थळाच्या दारात सुरू होत नाही, तो घरातून निघतानाच सुरू होतो. माझ्या पत्नीला अर्धांगवायूच्या झटक्यानंतर डाव्या पायात बळ राहिलेले नाही. चिरंजीव कॅन्सस सिटीजवळ राहतात. तेथून साउथ डकोटाकडे जाण्यासाठी त्यांनी आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि शौचालय असलेली मोठी मोटारगाडी, भाड्याने घेतली. अशा गाडीचा वयस्कर आणि आजारी माणसाला होणारा मुख्य उपयोग प्रवासवर्णनांत सहसा लिहिला जात नाही, म्हणून मी तो स्पष्टच लिहितो: शौचालय सदैव दहा पावलांवर असते. लांबच्या प्रवासात म्हातारी माणसे पाणी प्यायला कचरतात ती याच काळजीने, आणि ती काळजी मिटली की माणूस खिडकीबाहेर पाहू लागतो. औषधे शीतकपाटात राहतात, दुपारी आडवे होता येते, सूनबाईंना रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळी गाडी उभी करून मऊ भात करता येतो. इंधन मात्र ही गाडी सढळ हाताने पिते. लिटरला चार किलोमीटर मिळाले तर नशीब समजावे.

परंतु याच गाडीत चढणे हा आमच्या प्रवासातला सर्वांत अवघड भाग होता, हे नमूद केलेच पाहिजे. जमिनीपासून कमरेच्या उंचीवर दार, तेथवर जाण्यासाठी दुमडणाऱ्या अरुंद पायऱ्या, व्हीलचेअर आत शिरणार नाही एवढे निमुळते दार आणि वळायलाही जागा नाही असे स्नानगृह. पायऱ्यांऐवजी उचलयंत्र असलेली गाडी मिळेल का, असे आम्ही भाड्याच्या कंपनीला आधी विचारले होते. तशी गाडी त्यांच्या ताफ्यात नव्हती. चिरंजीव खालून आणि सूनबाई वरून असा आधार देत पत्नीला रोज चढवावे-उतरवावे लागे. म्हणजे एकविसाव्या शतकात कारखान्यातून नवी निघालेली गाडी तिला दाद देत नव्हती आणि एकोणिसाव्या शतकाचे स्मारक विनासायास आत घेत होते. जुने म्हणून अवघड आणि नवे म्हणून सोपे, असा काही नियम नसतो. करणाऱ्याने कोणाचा विचार केला होता, एवढाच प्रश्न असतो.

पार्कात मुक्कामाची परवानगी नाही, म्हणून रात्री गावातील शॉटॉक्वा पार्क नावाच्या नगरपालिकेच्या उद्यानात गाडी लावता येते. तेथे वीज आणि पाण्याची जोडणी मिळते. पार्कातील मुख्य इमारत, जिला हेरिटेज सेंटर म्हणतात, २००७ मध्ये उघडली. तिच्यासमोर जो वाहनतळ आहे तो मुद्दाम बरोबर एक एकर क्षेत्राचा केलेला आहे. ही गोष्ट वाचल्याबरोबर मी पत्नीला सांगितले की तू आता बरोबर चाळीस गुंठ्यांत बसली आहेस, आणि तिने मान वळवून चारी बाजू पाहून घेतल्या. स्मारकाच्या रचनेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे, कारण या कायद्याचे सारे आकडे एकरांत आहेत, आणि शहरात वाढलेल्या माणसाला, मग तो शिकागोचा असो की पुण्याचा, एकर म्हणजे केवढा हे डोळ्यांनी ठाऊक नसते. येथे गाडीतून उतरतानाच त्याला ते माप मिळते, आणि त्यासाठी चालावे लागत नाही. एका बाजूचे शेवटचे वाहन आणि दुसऱ्या बाजूचे शेवटचे वाहन यांच्या मध्ये एक एकर, आणि असे १६० एकर एका कुटुंबाला.

आपल्याकडे जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची असे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. अमेरिकेतील मोजणीदार जी गुंटरची साखळी वापरत ती सहासष्ट फुटांची, म्हणजे आपल्या साखळीच्या नेमकी दुप्पट. दोन्हींचे मूळ एकाच इंग्रजी मापात आहे. १६० एकरांचा चौकोन अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद असतो, म्हणजे आपल्या हिशेबाने प्रत्येक बाजूला ऐंशी साखळ्या. १७८५ च्या वटहुकमानुसार त्या देशाची सरकारी जमीन सहा मैल चौरसाच्या गटांत आणि त्या गटातील एकेक मैलाच्या छत्तीस तुकड्यांत आखली जाऊ लागली होती. होमस्टेडची जमीन ही अशा एका तुकड्याचा चौथा हिस्सा. नदी कोठून वाहते, टेकडी कोठे आहे, याची पर्वा न करता आखलेल्या त्या रेषा आजही तेथील रस्त्यांमध्ये दिसतात, आणि आमची गाडी मैलोन् मैल एकही वळण न घेता चालत होती त्याचे कारण तेच. ज्याने बांधाच्या प्रत्येक वाकणावर दगड रोवून मोजणी केली आहे त्याला हे दृश्य थोडे निर्दय वाटते, हेही येथे सांगून टाकतो.

वाहनतळापासून इमारतीकडे जाणारी वाट रुंद आणि पक्की आहे, आणि तिच्या कडेने तीस राज्यांचे तीस फलक उभे आहेत. प्रत्येक फलक त्या त्या राज्याच्या आकाराचा असून, त्या राज्यातील जेवढी जमीन या कायद्याखाली वाटली गेली तेवढ्या प्रमाणात त्यात एक चौकोन कापून काढलेला आहे. काही राज्यांत तो चौकोन टिकलीएवढा आहे. नेब्रास्काच्या फलकात मात्र पंचेचाळीस टक्के भाग कापलेला आहे. कागदावरची टक्केवारी येथे दिसते आणि ज्याला दिसत नाही त्याला हाताने चाचपून कळते. हे आकडे एखाद्या उंच भिंतीवर बारीक अक्षरांत लिहिले असते तर खर्च कमीच झाला असता. इमारतीच्या छपराचा आकार जमिनीतून पुढे सरकणाऱ्या नांगराच्या फाळासारखा आहे. आत माहितीपट उपशीर्षकांसह दाखवतात आणि मोठ्या काचांतून बाहेरचे गवताळ रान दिसते. बसल्या जागेवरून, मान उंच न करता, ते संपूर्ण दिसते.

पार्कात १८६७ मध्ये बांधलेली एक लाकडी खोली आहे. पामर नावाच्या कुटुंबाने ती बांधली. मूळ खोली चौदा फूट बाय सोळा फूट, आणि त्या कुटुंबात दहा मुले. दारातून आत नजर टाकून पत्नी म्हणाली, "दहा लेकरं, आणि बाहेर बर्फ. त्या बाईने सगळ्यांना बसवलं तरी कुठं असेल?" कोणत्याही फलकावर न लिहिलेला हा प्रश्न तिला पडला तो ती त्या दारापर्यंत पोहोचली म्हणून. खोलीचे छायाचित्र मी तिला आदल्या दिवशीच दाखवले होते. त्यावर तिने "छान आहे" एवढेच म्हटले होते.

पत्रलेखकांच्या जुनेपणाच्या मुद्द्याला येथे उत्तर देणे सोपे जाते. ही लाकडी खोली तिच्या मूळ जागेवर नाही. ती काही मैलांवरून उचलून पार्कात आणून ठेवलेली आहे. सभोवारचे उंच गवतही मूळचे नव्हे. नांगरांनी ते रान कधीच उलथून टाकले होते. १९३९ पासून तेथे सुमारे शंभर एकरांवर जुन्या जातींचे गवत पुन्हा लावण्याचे, आणि ते टिकावे म्हणून ठरावीक काळाने मुद्दाम जाळण्याचे काम चालू आहे. म्हणजे खोली हलवलेली, रान पुन्हा पेरलेले, आणि तरीही ते पाहून कोणी त्याला बनावट म्हणत नाही, कारण काय मूळचे आहे आणि काय पुन्हा उभे केले आहे हे तेथे लपवलेले नाही. जुनेपण एवढे सोसू शकते तर खोलीच्या दारापर्यंतची सपाट वाटही ते सोसू शकेल. आपल्याकडेही जुन्या वाड्यांत वीज आली, दर्शनी भिंतींवर फलक लागले, तिकिटाच्या खिडक्या आणि दुचाकींचे तळ झाले. तेव्हा जुनेपण कोणाला आठवले नाही, व्हीलचेअर आल्यावर ते नेमके आठवते.

सगळेच साधले आहे असे मी म्हणणार नाही. रानातून ज्या पाऊलवाटा ओढ्याकाठच्या झाडांकडे जातात त्या सगळ्या चाकांना सोप्या नाहीत. गवतातल्या मऊ जमिनीत पुढची लहान चाके रुततात, आणि आम्ही थोडे पुढे जाऊन परत फिरलो. फ्रीमन स्कूल ही १८७२ मधील विटांची एकखोली शाळा मुख्य इमारतीपासून वेगळ्या जागी आहे, तेथे गाडी घेऊनच जावे लागते. या शाळेत बायबलचे पठण चालते म्हणून त्याच डॅनियल फ्रीमनने न्यायालयात धाव घेतली होती आणि १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला, ही हकिगत मला त्याच्या जमिनीच्या दाव्याहून मोठी वाटली, पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. सांगायचे ते असे की काही भागांपर्यंत आम्ही पोहोचलो नाही, मात्र परत फिरण्याचा निर्णय आम्हाला भर उन्हात अर्ध्या वाटेवर अडकून घ्यावा लागला नाही. त्या देशातील राष्ट्रीय उद्याने आपापल्या संकेतस्थळावर सोयींची माहिती आधीच देतात, आणि तिकडे कर्मचाऱ्याला विचारले तर तो "जाऊन बघा" असे म्हणत नाही. कोणती वाट पक्की, कोणती कच्ची, हे सांगतो.

जमीन वाटण्याच्या या कथेतील दुसरी बाजूही स्मारकाने झाकून ठेवलेली नाही, याचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. ज्या जमिनीला सरकार मोकळी म्हणत होते तिच्यावर माणसे राहत होती. या परिसरातील ओटो-मिझुरिया लोकांनी १८५४ च्या तहाने आपला मुलूख सोडला, बिग ब्ल्यू नदीकाठच्या राखीव क्षेत्रात ते राहिले आणि १८८१ मध्ये त्यांना तेथूनही ओक्लाहोमाकडे जावे लागले. माझ्या धंद्याच्या अनुभवाने सांगतो, मोजणीदाराला कोरी जमीन कधीच मिळत नाही. कोणाची तरी वहिवाट तिच्यावर असतेच, आणि ती कागदावर आणायची की नाही हे वरचा साहेब ठरवतो. आपल्या सातबाऱ्यात निदान इतर हक्कांचा रकाना तरी आहे. तिकडच्या सनदेत तसा रकानाच ठेवलेला नव्हता. आपल्यापुरते बोलायचे तर नागरिक होण्याची मुभा असलेल्यालाच ही जमीन मिळत असे, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाला अपात्र ठरवले. ती अट १९४६ च्या कायद्याने दूर झाली. आज नेब्रास्कातून आरव्ही घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवून ते फलक वाचावेत, असे मला वाटते.

कायद्याला राहते घर दाखवणे आवश्यक होते, म्हणून काही बिलंदरांनी चाकांवर बसवलेली खोली भाड्याने आणून, ती जमिनीवर उभी करून साक्ष दिली आणि दुसऱ्या दिवशी तीच खोली शेजारच्या दाव्यावर ओढत नेली, असे किस्से त्या काळाविषयी सांगितले जातात. आमची भाड्याची गाडी वाहनतळावर उभी असताना हे आठवून चिरंजीवांना फार हसू आले. शेवटचा दावा अलास्कातील होता. त्याची सनद १९८८ मध्ये दिली गेली आणि त्या माणसाचा ट्रॅक्टर आज हेरिटेज सेंटरमध्ये ठेवलेला आहे. तेव्हा हा सारा इतिहास फार जुना आहे असेही नाही.

या सोयी तेथील लोकांच्या मोठ्या मनाने आपोआप झाल्या, असा समज कोणी करून घेऊ नये. सरकारी पैशाने बांधलेल्या इमारतींत अपंगांना जाता आलेच पाहिजे असा कायदा तेथे १९६८ मध्ये झाला. सरकारी निधीवर चालणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात अपंगांना डावलता येणार नाही असे कलम १९७३ मध्ये आले, परंतु त्याचे नियमच निघेनात, तेव्हा १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी कचेरीत अपंग आंदोलकांनी, व्हीलचेअरवरच्या अनेकांसह, जवळजवळ चार आठवडे ठाण मांडले, आणि मग नियमांवर सही झाली. नेब्रास्कातील ती सपाट वाट अशा आंदोलनांतून आलेली आहे.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याची मुदत त्यात घातलेली होती, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा आपण सर्वांनी आनंद मानला. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उतार बांधा, अशी मागणी मी करत नाही आणि शुद्धीवर असलेला कोणीही करणार नाही. गड अवघड असावा म्हणूनच तो तेथे बांधला गेला. परंतु रायगडाला रोपवे झाला म्हणून ज्यांना आयुष्यात एकदा वर जाता आले अशा वृद्धांची संख्या लहान नसावी, आणि त्यामुळे रायगडाचे काही उणे झाले असे मला दिसत नाही. जेथे वर नेणे शक्य नाही तेथे पायथ्याशी एक सपाट जागा, गडाची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती, सावलीतले बाक आणि दाराला उंबरठा नसलेले, कुलूप नसलेले शौचालय एवढे करता येते. या चार गोष्टींनी तटबंदीचा एकही दगड हलत नाही.

पुरातत्त्व खाते, राज्य शासन आणि न्यायालये आपापल्या गतीने चालतील. आपल्या वृत्तपत्राला मात्र एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे, आणि हे पत्र मी मुख्यतः तिच्यासाठी लिहीत आहे. आपल्या पर्यटन पुरवणीत प्रत्येक लेखाखाली कसे जावे, कोठे राहावे, काय खावे याची चौकट असते. त्याच चौकटीत वाहनतळापासून दारापर्यंतचे अंतर, वाटेतील पायऱ्यांची संख्या, वाटेचा पृष्ठभाग फरशीचा आहे की खडीचा, आणि चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आहे की नाही, एवढे आपल्या लेखकांनी पाहून लिहावे. लेख परदेशातील स्थळाचा असला आणि प्रवास आरव्हीचा असला, तर गाडीच्या पायऱ्या किती आणि दार किती रुंद हेही लिहावे. सोय नसेल तर "नाही" असे लिहिले तरी चालेल. आमच्यासारखे लोक मग त्या दिवशी दुसरीकडे जातील.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
भूमी अभिलेख खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
वाई, जि. सातारा